छऱ्याची बंदूक आणि आईची हिकरी

हर्शेल नॅपियरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सॉ मिलचा भोंगा व्हायच्या कितीतरी आधी. उठायचं, कॉफी ठेवायची, बायकोचा, झेलाचा, कप झाकून ठेवायचा आणि मागच्या पायरीवर बसून समोरच्या डोंगराच्या धारेवर उजाडताना बघायचं. मग डबा उचलून कामाला. पुढे मिल बंद पडली, त्याच्या खांद्यात लोखंडी पट्टी बसली, पेन्शन सुरू झाली, तरी चारचं उठणं सुटलं नाही. आमच्या खोऱ्यात पहिला दिवा त्याच्या स्वयंपाकघरात लागायचा. दुसरा माझ्या.

समोरची धार एकेकाळी नॅपियरांची होती. माथ्यावर हिकरीची, अक्रोडाच्या जातीतल्या झाडांची, राई आहे. त्यातल्या सगळ्यांत जुन्या झाडाच्या दोन मुळांमध्ये माणूस बरोबर मावेल अशी खोबण आहे. हर्शेलची आई तिथे बसून जेवणासाठी खारी मारायची. बाप खाणीत, घरात पाच तोंडं, त्यामुळे तिची नेम धरण्याची तऱ्हा काटकसरीची. गोळी वाया गेली तर ती दिवसभर कोणाशी बोलत नसे. हर्शेल लहानपणी तिच्या पायाशी बसून वर बघत राहायचा. खारी वर हिकरीचं फळ कुरतडत आणि सालींचा भुगा खाली दोघांच्या केसांत पडत राही.

ती आजारी पडली तेव्हा औषधपाण्यासाठी बापाने धार लाकूड कंपनीला विकली. आई तरीही वाचली नाही. हर्शेल तेव्हा नुकता मिलमध्ये लागला होता. कंपनीने ओक आणि पॉप्लर तोडले आणि ते ओंडके आमच्याच मिलमध्ये आले. हर्शेल ओंडके उलटवायच्या कामावर, मी पुढे फळ्यांच्या कडा कापायला. एखादा ओंडका आकड्याने फिरवताना तो थांबायचा. "हा झऱ्याच्या वरचा," म्हणायचा. मागून मुकादम ओरडायचा, "नॅपियर, लाकूड कापायचंय, त्याच्याशी लग्न नाही लावायचं!" हिकरी मात्र उभ्या राहिल्या. त्या लाकडाला तेव्हा भाव नव्हता आणि ते करवतीचे दात खायचं.

शनिवारच्या जादा कामाचा पैसा हर्शेल धार परत घ्यायला वेगळा ठेवायचा. घरात त्याला 'धारेचे पैसे' म्हणत. झेलाने त्याला कधी हात लावला नाही, छप्पर गळत होतं तेव्हाही नाही. पण जमिनीचा भाव कायम त्याच्या एक पाऊल पुढे चालला. तो साठवत राहिला आणि दर ऑगस्टला, खारींचा हंगाम उघडला की, त्या खोबणीत जाऊन बसत राहिला. कंपनी कोणाला अडवत नसे.

मग कंपनीने धार विकली. घेतली ऑड्रा व्हिटलो नावाच्या बाईंनी. नवरा वारलेला, शहराकडच्या, घोड्यांच्या शौकीन. त्यांनी पायथ्याला घर बांधलं, तबेला बांधला, सगळीकडे तारेचं कुंपण घातलं. पहिल्याच हंगामात कोणीतरी वर बार काढला. त्यांची एक घोडी बिथरून तारेत घुसली आणि तिला मारावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून जागोजागी पाट्या लागल्या. शिकार बंद.

हर्शेल दोन हंगाम पायरीवर बसला. धार समोर, कॉफी हातात. तिसऱ्या वर्षी वसंतात त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाला, "कॉय, चल. बाईंना विचारू."

"काय विचारणार? पाटी वाचता येते तुला."

"पाटी त्यांच्या तोंडून ऐकतो."

बाई तबेल्यात खरारा करत होत्या. हर्शेलने टोपी काढली आणि सांगितलं, वर एक झाड आहे, आई तिथे बसायची, मला तिथे बसून खारी मारायच्यात. बाई भल्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं. हातातलं काम थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मिस्टर नॅपियर, बसा की खुशाल. पण बार नको. त्या घोडीचा आवाज मला अजून ऐकू येतो."

"नुसतं बसायला मी काही चर्चमध्ये चाललो नाही, बाई."

त्या हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "आवाज न करणारं काही असतं का? असेल तर हंगामाआधी मला दाखवा. घोड्यांसमोर. आणि एक, नेम बसला पाहिजे. अर्धमेलं जनावर माझ्या रानात सरपटत गेलेलं मला चालणार नाही."

"मलाही नाही," हर्शेल म्हणाला.

परतताना मी म्हटलं, "धनुष्यबाण?"

"हा खांदा सकाळी शर्ट घालताना रडतो. धनुष्य काय ताणणार?"

म्हणून आम्ही ग्लेनाकडे गेलो. गावात खिळ्यांपासून कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत सगळं मिळणारं दुकान तिचं. तिचा बाप आमच्याबरोबर मिलमध्ये होता. मागच्या भिंतीवर बंदुका आणि कोपऱ्यात छऱ्याच्या बंदुका. त्या कोपऱ्याकडे आम्ही जन्मात बघितलं नव्हतं.

"हर्शेलकाका, नातवाला हवीय का?"

"मला."

ग्लेनाने चष्मा वर केला. तिने दोन प्रकार काउंटरवर ठेवले. एकात आधी पंपाने हवा भरून ठेवायची. झटका नाही, आवाज दबका, नेम सोपा. हर्शेलने पंप हातात घेऊन बघितला. चार-पाच दट्टे मारले आणि दात आवळून पंप खाली ठेवला. दुसरी स्प्रिंगची. नळी मध्ये मोडून खाली ओढायची, स्प्रिंग ताणली जाते, छर्रा बसवायचा, नळी बंद. एका बाराला एकदा ओढायचं. बाकी काही लागत नाही.

"ही," हर्शेल म्हणाला. "पण त्याच्यात ती मोठी दे. सगळ्यांत जोरकस."

"खार मारायचीय की अस्वल? ती ओढायला धडधाकट तरणी पोरं कुथतात. शिवाय फार वेगाचा छर्रा चाबकासारखा फटकारतो. घोडे खूश होतील." तिने मधली उचलली. "ही घ्या. आणि बारीक छऱ्याची नको, जाड छऱ्याची, बावीसची. बारीक छर्रा पळतो जोरात पण सुईसारखा आरपार जातो. जाड छर्रा जरा सावकाश जातो, पण जिथे बसतो तिथे काम करतो."

हर्शेलने डाव्या हाताने नळी ओढून पाहिली. जमली. एकदा, दोनदा, पुन्हा. त्याचा चेहरा असा उजळलेला मी खूप दिवसांनी पाहिला.

"हिच्यावर ही दुर्बीण," ग्लेनाने एक छोटा खोका पुढे केला.

"दुर्बीण आहे माझ्याकडे."

"हरणाच्या रायफलची? ती नका लावू हं हिच्यावर."

"पोरी, त्या दुर्बिणीने मोठमोठे बार सोसलेत. हे खेळणं तिला काय करणार?"

ग्लेना काही सांगणार तेवढ्यात कोणीतरी कुंपणाची तार मागायला आलं. आम्ही बंदूक आणि तिच्यावर जुनी दुर्बीण बसवायच्या कड्या तेवढ्या घेतल्या आणि निघालो. ती दुर्बीण म्हणजे हर्शेलच्या घरातली सगळ्यांत महागाची वस्तू. गाडीपेक्षा ती जास्त पुसली जायची.

माझ्या घरामागे मोकळी जागा आहे, शेवटी मातीचा बांध. हर्शेलने तिथे आधी अंतर आखलं. मोजपट्टी घेतली नाही. खोबणीत बसल्यावर पहिली आडवी फांदी कुठे येते ते त्याच्या डोळ्यांत होतं. डोळे मिटून उभा राहिला, मग चालत गेला आणि टाच रोवली. "इथे." तिथे खोक्यावर झेलाने धुऊन दिलेले घेवड्याचे रिकामे डबे मांडले.

तो बसला. बंदूक खांद्यात घट्ट रोवली, पुढचा हात करकचून आवळला, गाल टेकवला. आम्हाला जन्मभर असंच शिकवलं होतं. बंदूक सैल धरली की ती लाथ मारते. दुर्बिणीत डबा धुरकट दिसत होता. त्याने चष्मा पुसला, दुर्बीण पुसली. चाप ओढला. फट् असा आवाज, पुस्तक बंद केल्यासारखा. छर्रा डब्याच्या डावीकडे मातीत. पुढचा उजवीकडे. पुढचा वर. एक लागला, तो शेजारच्या डब्याला.

झेला पायरीवर शेंगा सोलत होती. "अरे, डबा रागावलाय का तुझ्यावर? जवळ जाऊन हाताने ढकल की!"

"तू गप बस गं."

"मी गपच आहे. डबेसुद्धा गपच आहेत."

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी कमी. तो रोज यायचा, रोज अधिक घट्ट धरायचा, घाम येईपर्यंत. छर्रे रोज अधिक पांगायचे. मग एका दुपारी बार काढल्यावर त्याने डोळा दुर्बिणीपासून लांब घेतला आणि बंदूक माझ्याकडे दिली. मी बघितलं. आतली नेमाची फुली तुटून तिरकी लोंबत होती.

त्याने दुर्बीण सोडवली, फडक्यात गुंडाळली. हातांकडे बघितलं, तळवे वर करून.

"हात गेले, कॉय."

"दुर्बीण गेलीय. हात नव्हे."

"दुर्बीण आज गेली. छर्रे पहिल्या दिवसापासून भलतीकडे जातायत. बाई म्हणाल्या ते बरोबर आहे. असल्या हाताने जनावरावर नेम धरू नये." बंदूक तिथेच ठेवून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उठलो तर खोऱ्यात पहिला दिवा माझाच. वाटलं, बल्ब गेला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर झेला माझ्या दारात. गुडघेदुखीमुळे ती रस्ता ओलांडून कधी येत नाही.

"तो उठत नाहीये, भाऊ. जागा असतो. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मिल बंद पडली तेव्हा उठला, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठला. लग्न झाल्यापासून सकाळची कॉफी मला कधी स्वतः ठेवावी लागली नव्हती." मग तिने एप्रनला हात पुसले. "ती बंदूक घे आणि मला गाडीत घाल. त्या ग्लेनाला विचारते, काय विकलंस माझ्या नवऱ्याला."

ग्लेनाने तुटलेली दुर्बीण डोळ्याला लावली आणि कपाळावर हात मारला. "सांगत होते! ऐकतील तर शपथ. आयुष्यभर बंदुका चालवलेल्या प्रत्येक माणसाने ही चूक केलीय. नवख्याची होत नाही."

तिने सांगितलं ते असं. साधी बंदूक फक्त मागे लाथ मारते, म्हणून हरणाची दुर्बीण मागच्या लाथेपुरती बांधलेली असते. स्प्रिंगची बंदूक आधी मागे झटका देते आणि स्प्रिंग पुढे आपटली की लगेच पुढेही. तो पुढचा झटका साध्या दुर्बिणीला सोसत नाही. शिवाय ती दुर्बीण लांबच्या हरणासाठी जुळवलेली, जवळचा डबा तिला धुरकटच दिसणार.

"आणि धरतात कसे?"

मी धरून दाखवलं.

"देवा! गळा दाबताय का तिचा? छर्रा नळीत असतानाच ही उडी मारते. जितकं आवळाल तितकी दर वेळी वेगळीकडे उडेल. हिला सैल धरायचं. पुढचा हात उघडा, तळव्यावर नुसती ठेवायची. झोपलेलं पोर मांडीवर घेतल्यासारखी. उडायची तशी उडू दे, मग ती दर वेळी सारखीच उडते."

झेला पुढे झाली. "म्हणजे हात चांगले आहेत त्याचे?"

"वाईट असते तर इतकं घट्ट धरलं असतं का, मावशी?"

झेलाने छोट्या दुर्बिणीचा खोका स्वतःच उचलला. या बंदुकांसाठीच बांधलेली, जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून पुढचं कडं फिरवता येणारी. "ही दे. धारेच्या पैशातून." मी तिच्याकडे बघितलं. "काय बघतोस? डब्यात ठेवून त्या पैशाला पिल्लं होणार आहेत का?"

घरी जाऊन तिने नवऱ्याला काय सांगितलं ते मला अर्धंच ऐकू आलं. "हात गेले म्हणे! ऊठ. तुझं डोकं गेलंय, हात जागेवर आहेत."

त्याला सैल धरायला शिकायला वेळ लागला. ओंडके उलटवलेला माणूस. त्याच्या हाताला आवळणं एवढंच ठाऊक. मी शेजारी बसून बोटं उघडायची आठवण करत राहिलो. "उघड. अजून. पोर गुदमरेल." दुर्बीण मागे सरकू नये म्हणून तिच्या मागे खीळ बसवून घेतली होती. त्याने कडं फिरवलं, डब्यावरची अक्षरं स्पष्ट झाली. बार काढला. पुन्हा काढला. छर्रे डब्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, पण एकाच जागी, एकमेकांना चिकटून. तो बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिला. मग दुर्बिणीवरची चकती थोडी वर, थोडी डावीकडे. पुन्हा बार. पुन्हा चकती. घाई नाही. संध्याकाळपर्यंत छर्रे डब्यावरच्या घेवड्याच्या चित्रात जात होते. दुसऱ्या दिवशी चारला त्याचा दिवा लागला.

जुलैअखेर आम्ही बाईंकडे गेलो. घोडे कुंपणाजवळ चरत होते. हर्शेलने लांबच्या बांधावर हिकरीची हिरवी फळं ओळीत ठेवली. बसला, तळवा उघडा केला. फट्. पहिलं फळ गेलं. एका घोडीने मान वर केली, कान हलवले आणि परत गवतात तोंड घातलं. बाई फळांकडे बघतच नव्हत्या. त्या घोडीकडे बघत होत्या. ओळ संपली तेव्हा घोडी अजून चरत होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "या तुम्ही."

हंगाम उघडला त्या पहाटे मी त्याच्याबरोबर गेलो. खालची वाट तारेने बंद. त्या खांद्याने तार ओलांडणं शक्य नव्हतं, म्हणून लांबून, बाईंच्या मोटाररस्त्याने, तबेल्यावरून वर चढलो. तो दर वळणावर थांबला. दम लागला म्हणून की आणखी कशाने, कोण जाणे.

तो खोबणीत बसला. मी जरा खाली, दुसऱ्या झाडाला टेकून. धुकं होतं. उजाडलं तसा वरून भुगा पडायला लागला, बारीक, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा पानांवर टिपटिप. त्याच्या टोपीवर, खांद्यावर. त्याने झटकला नाही. बंदूक मांडीवरच. खूप वेळ तो नुसता वर बघत होता, तोंड जरासं उघडं, आणि त्या वयाच्या माणसाचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं, हा आता मारणार नाही.

मग त्याने बंदूक उचलली. हात उघडा. फट्. खार फांदीवरून सरळ खाली आली आणि हलली नाही. डोक्यात छर्रा. त्याची आई बोलली असती त्या दिवशी.

झऱ्यावर त्याने ती साफ केली, ओल्या पानांत गुंडाळली. आमच्याकडे दुसऱ्याच्या रानात शिकार केली की हंगामाची पहिली खार साफ करून मालकाच्या पडवीत ठेवायची असते. सगळे ठेवतात, न सांगता. हर्शेलने या धारेवरून जन्मात कोणाला दिली नव्हती. आधी धार बापाची होती आणि नंतरच्या कंपनीला पडवी नव्हती.

खाली वाट फुटते तिथे तो थांबला. एका बाजूला घर. झेलाने पीठ चाळून ठेवलं असणार, ताकातले पाव भाजायला आणि पांढऱ्या दाट रश्शाला. कितीतरी दिवसांनी तिच्या तव्यात खार पडणार होती. दुसऱ्या बाजूला बाईंची पडवी. तो उभा राहिला. हे ओझं दुसऱ्याने उचलायचं नव्हतं.

तो पडवीकडे वळला.

पुडकं ठेवून निघणार तोच दार उघडलं. "मिस्टर नॅपियर? हे काय?"

"खार आहे, बाई. साफ केलीय."

"मला कशाला?"

त्याने टोपी काढली. "जमीन तुमची आहे."

बाईंनी पुडकं दोन्ही हातांनी उचललं. पानं ओली होती, त्यांच्या बाहीवर पाणी ओघळलं. "मला ही करता येत नाही," त्या म्हणाल्या.

"झेला दाखवेल. संध्याकाळी या. खार घेऊनच या, घरात दुसरी नाही."

त्या आल्या. झेलाने त्यांना पीठ मळायला लावलं आणि तिच्या पद्धतीने दोन टोमणेही मारून घेतले. जेवताना बाईंनी विचारलं, "पूर्वी तुम्ही वर कुठून जायचा? माझ्या रस्त्याने नक्कीच नाही."

हर्शेलने खिडकीतून दाखवलं. घरासमोरून, ओढा ओलांडून, सरळ. आता तिथे तार होती.

"तिथे फाटक बसवते मी."

"नको. मी बसवतो. खर्च माझा."

बाई काही म्हणणार होत्या. झेलाने त्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढला आणि डोळ्यांनीच थांबवलं.

सप्टेंबरात फाटक आलं. लोखंडी, माणूस जाईल एवढंच, घोडी जाणार नाही असं. खांबाला लाकूड हर्शेलने ओकचंच घेतलं आणि खड्डे आम्ही दोघांनी खणले, तो डाव्या हाताने. बिजागरी बसवून त्याने फाटक उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. धारेच्या पैशातून बंदूक आली, दुर्बीण आली. उरलेल्यातून हे फाटक.